हद्दीच्या फलकापाशी टाकलेल्या अक्षता

सांगली, गुरुवार, सायंकाळ.

म्हसवडहून परतले ती संतापूनच. पाण्यासाठी मोर्चे काढले म्हणून सातारा आणि सांगली, या दोन्ही जिल्ह्यांतून तडीपार झालेल्या रामहरींना भेटले. उच्च न्यायालयाने तडीपारीचा तो आदेश रद्द केला होता. माझ्या प्रबंधातील कोष्टकात त्यांच्या नावापुढे मीच लिहिले आहे: ‘हक्काचे संरक्षण झाले’.

मी अभिनंदनाच्या सुरात निकालाचा विषय काढला. ते हसले.

“ताई, निकाल आला तवा मुदत संपून मी घरी आलो हुतो. मग रद्द काय केलं त्यांनी?”

तडीपारीच्या काळात मुलीच्या लग्नालाही त्यांना गावात पाय ठेवता आला नाही. वधू-वरांची गाडी जिल्ह्याच्या हद्दीच्या फलकापाशी थांबली आणि रामहरींनी पलीकडे उभे राहून अक्षता टाकल्या.

“निम्म्या वाऱ्यानंच नेल्या.”

मार्गदर्शक सरांना फोन करून हे सगळे सांगितले.

“अहो, पुढच्या आठवड्यात प्रबंध सादर करायचाय. तोंडी परीक्षेला म्हसवडचं कोण येणार आहे?”

आणि हे मानवी हक्कांचे प्राध्यापक.

पण मी? एका स्वल्पविरामासाठी इतरांचे शोधनिबंध परत पाठवणारी मी, निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचून खूश झाले. तडीपारीची मुदत पहिल्याच पानावर होती. ती आणि निकालाची तारीख शेजारी ठेवून पाहण्याची तसदी घेतली नाही.

आता सगळेच निकाल पुन्हा तपासायचे. प्रबंध रखडला तर रखडू दे. ती ओळ खोडून नवा रकाना आखला आहे: ‘निकाल येईपर्यंत काय गेले’. सरांना तो अशास्त्रीय वाटेल. वाटू दे. रामहरींच्या नावापुढे लिहिले: मुलीच्या लग्नातल्या अक्षता.