आमचं आपलं नुसतं ट्रोलिंग

२९ सप्टेंबर, सकाळी ७
संशय पक्का. शेजारच्या देसान्काबाईंच्या पेजला नऊशे लाइक. कशाला, तर अंगणात मिरच्या भाजून त्यांची चटणी, आय्वार, घोटतात त्याला! मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. माझ्या ‘युरोपातील नद्या’ पेजला तीन लाइक. एक माझा, एक भाची तियानाचा. तिसरा कोण, तपास चालू आहे.
संकल्प : बाईंचं पितळ उघडं पाडायचं. सभ्यपणे. ‘काळा कावळा’ नावानं खातं उघडलं.

२ ऑक्टोबर
कावळ्यानं लिहिलं, मिरची जळली की काय बाई? एकोणीस जण हसले. नद्यांवर इतकं कोणी कधीच हसलं नव्हतं.

६ ऑक्टोबर
बाईंकडे मिरच्या सोलायला गेलो. दरवर्षी जातो, आम्ही दोघंच. सहा बरण्या मिळतात. आज आय्वारमध्ये मूठभर साखर टाकताना पाहिलं. ओठावर बोट ठेवून म्हणाल्या, मास्तर, हे तुमच्या-माझ्यात हं! अर्थात, म्हटलं.
संध्याकाळी कावळ्यानं साखरेचं लिहिलं. जनहितार्थ.

१० ऑक्टोबर
तियानाचा फोन. सहज विचारलं, ट्रोलिंग आणि सायबरबुलिंग यात फरक काय गं? म्हणाली, मामा, ट्रोल घोळक्यात फटाका टाकून मजा बघतो, समोर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एकालाच हेरून, रोज त्याच्याच मागे लागून जीव नकोसा करणं, ते बुलिंग. का रे, तुला कोणी छळतंय का? गुणी पोर.
म्हणजे मी ट्रोल. सुटलो. रोज देसान्काबाईंनाच लिहितो, ते केवळ घर जवळ म्हणून.

१७ ऑक्टोबर
बाईंच्या दातांवर लिहिलं. आता इतरही तुटून पडलेत. लोकशाही आहे. आजच्या व्हिडिओत बाई तोंडावर हात धरून बोलत होत्या. नाटकं! सहानुभूतीची युक्ती, दुसरं काय.

२३ ऑक्टोबर
बाई दारात. डोळे सुजलेले. म्हणाल्या, मास्तर, माझी लेक व्हिएन्नात बसून हे सगळं वाचते आणि फोनवर रडते हो. तिला घर दिसावं म्हणून तर व्हिडिओ करते मी. शोधून द्या मला हा कावळा. साखरेचं त्याला कळलंच कसं? अंगणात होतं कोण? मी म्हटलं, पोस्टमन झिवादिनवर नजर ठेवा, कुंपणावरून डोकावतो मेला. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.
बिचारीला माझा केवढा आधार!

३० ऑक्टोबर
पेज बंद. बाई अंगणातही येत नाहीत. बरण्यांचा पत्ता नाही. गल्लीत कोणी माझ्याशी बोलत नाही. झिवादिन पत्रं चिखलात टाकतो. कट आहे हा! सगळ्यांनी मिळून एकट्याला गाठायचं? याला म्हणतात बुलिंग.

५ नोव्हेंबर
तीन दिवसांनी आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, स्लावा. त्याला बोलावणं करायचं नसतं. आपलं मानणारे आपणहून येतात. दरवर्षी पंचवीस तरी असतात.
संकल्प : येतील त्यांना मोठ्या मनानं माफ करायचं.

८ नोव्हेंबर, दुपारी ४
अजून कोणी नाही. थंडी फार आहे. सार्मा, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, तिसऱ्यांदा गरम केला.

संध्याकाळी ६.३०
देसान्काबाई आल्या! संताच्या तसबिरीपुढे क्रूसाची खूण केली, चमचाभर गोड गहू खाल्ले, रीतीप्रमाणे. बसल्या नाहीत. मी म्हटलं, राग गेला वाटतं. म्हणाल्या, मी संताकडे आलेय, तुमच्याकडे नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, अहो, ती गंमत होती, नुसतं ट्रोलिंग. त्यांनी विचारलं, गंमत कुणाची, मास्तर? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सार्माचं ताट पुढे केलं. दार त्यांनीच ओढून घेतलं.

रात्री ८
तियानाचा फोन. किती जण आले रे, मामा?
पंचवीस, म्हटलं.