दोन तारखा, एक आठवडा

ता. ६ फेब्रुवारी, दुपार

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. पायांवरची सूज उतरली असेल आणि जावईबापू तुला जड काही उचलू देत नसतील, असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक.

ठीक म्हणजे काय, ते फोनवर सांगायचं टाळते. तू पुढचं विचारायच्या आत फोन बाबांकडे देते. म्हणून आज पत्र.

उजवा गुडघा पार झिजलाय, हाडावर हाड घासतंय, हे तुला माहीतच आहे. ऑपरेशनच्या यादीत नाव आहे. तोवर दिवस ढकलायचे. सकाळी गुडघा लाकडासारखा असतो, गरम पाण्याची पिशवी ठेवली की जरा सैल पडतो. संध्याकाळी सुजला की बर्फ. फिजिओथेरपीच्या बाई म्हणतात, "मांडी आत्ताच बळकट करा, म्हणजे ऑपरेशननंतर सोपं जाईल." म्हणून टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबत बसते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. बाबा खालून ओरडतात, "आता कुठला?" मी चिडते, आणि मग मलाच आठवत नाही.

शिवणाच्या दुकानात कटिंगला आता मला उंच स्टूल दिलंय. पण बसून कापलं की कात्रीला खांद्याचा जोर मिळत नाही. परवा गणवेशाच्या कापडाचा अख्खा थर तिरका गेला. मालकीणबाईंनी तो उचलून बाजूला ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बसलं तरी ठणकतं, उभं राहिलं तरी. हे पत्र खुर्चीत सुरू केलं, आता ओट्याशी उभी राहून लिहितेय. अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे.

बरं, आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. कुणीतरी ऑपरेशन पुढे ढकललं, जागा रिकामी झाली. पुढच्या महिन्याची बारा तारीख.

तुझ्या बाळंतपणाची तारीखही त्याच आठवड्यातली.

मी तिथल्या तिथे "नाही जमणार" म्हणून टाकलं. बाबा म्हणाले, "अगं, निदान तिला विचारायचंस तरी."

"तिला काय विचारायचं? मला तिच्याकडे गेलंच पाहिजे."

त्यांना माळ्यावरून बॅग काढायला लावली. दोन दिवस काय काय भरायचं तेच डोक्यात.

रविवारी समोरच्या मास्तरीणबाईंकडे गेले. त्यांच्या लेकीला मुलगी झालीय. बाई म्हणाल्या, "घ्या ना, तुमचाही सराव होईल." मी भिंतीशी उभी होते. काठी टेकवून ठेवली, बाळ खांद्याशी घेतलं. काय सुरेख ऊब असते गं! दोन पावलं टाकली असतील नसतील, गुडघा सटकला. भिंतीला पाठ लावून घसरतच खाली आले. बाळ घट्ट धरलं होतं, त्याची झोपही मोडली नाही. बाई मला धरायला धावल्या तर मी ओरडले, "मला नको, आधी हिला घ्या!"

मग मायलेकींनी मिळून मला उठवलं. सरबत दिलं, उशी दिली. पण लेकीने बाळ पुन्हा माझ्याकडे दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

सोमवारी बाबा दाढी करत होते तेव्हा मी हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "जागा अजून आहे, पण दुसऱ्या पेशंटला कळवायला निघालेच होते. हो की नाही, आत्ता सांगा."

मी हो म्हणाले. कुणालाही न विचारता.

बाळ पडेल या भीतीने हो म्हटलं, असं मी बाबांना सांगितलं. तुलाही तेच लिहिणार होते. ते अर्धंच खरं आहे. हो म्हणताना डोक्यात ना तू होतीस, ना बाळ. कटिंगच्या टेबलाशी सरळ उभी असलेली मी होते. फोन ठेवला तेव्हा मी चक्क हसत होते. मग तू आठवलीस आणि भरायला काढलेली बॅग मी काठीने पलंगाखाली ढकलली.

तुझ्या सासूबाईंशी बोलले. त्या यायला तयार आहेत. तुमचं फारसं पटत नाही, हे ठाऊक आहे मला. तुला विचारल्याशिवाय काही ठरवू नका, असं त्यांना सांगितलंय. त्या नको असतील तर कोण हवं ते सांग, मी खटपट करते.

तुझ्या वेळी माझी आई माझ्याजवळ होती. कळा आल्या तसा तिचा हात इतका आवळला की तिची बोटं काळीनिळी पडली. तुला तसा हात धरायला मी नसेन.

बाबांना वाटतं, तू रडलीस की मी तारीख सोडेन. नाही सोडणार, बाळा. तू मात्र हवं तितकं रड, माझ्यावर चीड. बाळाची खबर आली की भूल उतरत असली तरी मला उठवून सांगायचं, असं बाबांना बजावलंय.

नीट जप.

त्या वेळी तुझ्याजवळ नसणारी,
तुझीच
आई