आईचं निळं वस्त्र

प्रिय अडुनी,

तुझी दोन बाळं गेली, तेव्हा पुजारीबाबांनी तुला ओशुन नदीत काळ्या साबणानं न्हाऊ घातलं. म्हणाले, "आता मागे वळून बघायचं नाही. अंगावरचं वस्त्र ताई प्रवाहात सोडेल, त्याबरोबर पीडा वाहून जाईल." तू वळली नाहीस. वस्त्र आईचं होतं, म्हणून मी ते पिळून पिशवीत टाकलं.

मग तिसरंही गेलं. तुझी सासू म्हणाली, "नदीलासुद्धा नको झाली ही!" तू मला विचारलंस, "ताई, माझं काय चुकलं गं?"

कापडामुळे बाळ मरत नाही, हे मी जाणते. मग तुझ्यासमोर खरं सांगायला जीभ का रेटत नाही?

परवा पुन्हा स्नान आहे. "वस्त्र सोडायला तूच ये. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही," म्हणालीस.

मी हो म्हणाले.

तुझी,
मोरोलाके