मातीखालची खोल बाजू

पाइन फोर्ड, अलाबामा
६ मे २०१४

ती. क्लीओफसदादा यास,
व्हर्नेलचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. अंगणातलं अंजिराचं झाड यंदा नुसतं लगडलंय. शाळेतून निवृत्त झाल्यावर तरी मी स्वस्थ बसेन, असं तुला वाटलं होतं ना? झालं उलटंच. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात मी गावातल्या काळ्या-गोऱ्यांना गोल बसवते. आधी गप्प राहायचं, भीती किंवा राग आपल्या अंगात कुठे दडलाय ते शोधायचं, मग बोलायचं. आपल्या मनातलं आपल्यालाच कळल्याशिवाय शेजाऱ्याच्या जखमेला हात लावायचा नाही, असं माझं म्हणणं. नगरपालिकेनं मला सलोख्याची मार्गदर्शक असं भारदस्त नाव दिलंय. लोक मात्र 'खुर्च्यावाली बाई' म्हणतात.

गेल्या गुरुवारी डोरिस स्टब्ज खूप रडली. तुम्ही काळी पोरं फक्त गोऱ्यांसाठीच्या पोहण्याच्या तलावात उतरलात आणि आपल्यासोबत पोहण्यापेक्षा बरं म्हणून गावानं तो मातीनं बुजवला, तेव्हा बुलडोझर तिच्या वडिलांनी चालवला होता. ती कुंपणाशी उभी राहून बघत होती म्हणे. मला म्हणाली, क्लीओफसच्या वतीनं तूच मला माफ कर. पण दुसऱ्याच्या वतीनं माफी द्यायची नाही, हा आमच्या बैठकीचा पहिला नियम. म्हणून तुझ्या नावाची एक खुर्ची रिकामी ठेवलीय.

ऑगस्टमध्ये गाव सोडून गेलेले सगळे चर्चच्या जेवणाला परत येतात. यंदा तू ये आणि त्या खुर्चीवर बस. आईच्या मातीला आलास, तोही ऊन कलायच्या आत माघारी फिरलास.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझी,
व्हर्नेल

डेट्रॉइट
१९ मे २०१४

चि. व्हर्नी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तू सांगितल्याप्रमाणे गप्प बसून अंगात राग शोधला. डाव्या गुडघ्यात सापडला. डॉक्टर त्याला संधिवात म्हणतो.

आता चेष्टा पुरे. त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पोलीस आले, संध्याकाळी घरापुढे माणसं जमली, आणि दिवेलागणीला बाबांनी मला उत्तरेकडच्या बसमध्ये बसवलं. रस्ताभर माझी चड्डी ओली होती. तेव्हापासून त्या गावात अंधार पडायच्या वेळी माझा जीव घाबरा होतो. हे मी माझ्या बायकोला, अर्लीनलासुद्धा कधी सांगितलं नाही.

डोरिसला हलकं व्हायचंय, होऊ दे बापडी. पण तिला बरं वाटावं म्हणून मी का यावं? मी काय तिचं औषध आहे? सगळ्या गावाला बरं करायला निघालीस, तुझा हात धरणारा मी कोण? पण एक विचारतो. गेल्या हिवाळ्यात माझी अर्लीन गेली, तेव्हा तू फुलं पाठवलीस. शिबिर होतं ना तुझं. फुलं छान होती. तिचा कप अजून तिथेच खुंटीला आहे.

तुझ्या पत्रात डोरिस आली, नियम आला, खुर्ची आली. 'दादा, तुझी आठवण येते', एवढं मात्र कुठे आलं नाही. मला तर येते बाई. शेजारी कुणी भेंडी तळली की येते. बाजारात कुणी आपल्याकडचे हेल काढून बोललं की त्याच्या मागे मागे दोन दुकानं चालत जातो.

रागावू नकोस. मायेत अंतर नाही.

तुझा,
दादा

पाइन फोर्ड
२७ मे २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खुर्ची उचलली. घडी घालून कोपऱ्यात ठेवली. डोरिसनं विचारलं, कुठे गेली? मी म्हटलं, माझा भाऊ कुणाचं औषध नाही. ती जरा फुरंगटली, पण गेली नाही, बसून राहिली. चालायचंच.

जूनमधल्या बैठका बंद ठेवल्यात. मी येतेय. सोबत अंजिराचा मुरंबा, अक्रोडासारखे पेकान आणि आपल्या परसातली भेंडी घेतेय. मार्गदर्शक बाई घरीच राहणार, येणार ती तुझी व्हर्नी.

दादा, तुझी आठवण येते. अकरा वर्षांची होते तेव्हापासून येते. तू गेलास त्या संध्याकाळी तुझ्या ताटातली मक्याची भाकरी आईनं कुणाला खाऊ दिली नाही. ती तशीच झाकून ठेवलेली मला अजून दिसते.

स्टेशनवर घ्यायला ये. भेटीअंती बाकीचं.

तुझीच,
व्हर्नी

डेट्रॉइट
३० जून २०१४

चि. व्हर्नी हिस अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि घर पुन्हा मुकं झालं. अर्लीनच्या कपातून तू कॉफी प्यायलीस, ते मला आधी टोचलं, मग बरं वाटलं. आता तो खुंटीला ठेवत नाही, वापरतो.

गल्लीतल्या पोहण्याच्या तलावावरून मी इतकी वर्षं कामावर गेलो, कधी आत पाऊल टाकलं नाही. तू हात धरून ओढलंस. छातीभर पाण्यात आपण दोघं म्हातारे थरथरत उभे, आणि काठावरच्या बाया हसतायत! तू तेव्हा एकदाही विचारलं नाहीस की अंगात काय वाटतंय. देव तुझं भलं करो.

तू गेल्यापासून मी रोज जातो. शिकवणारी पोर नातीच्या वयाची. पाठीखाली हात धरते आणि म्हणते, आजोबा, अंग सोडा. अंग सोडणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. काल तिनं हात काढून घेतला आणि मला कळलंही नाही.

ऑगस्टमध्ये येतो. बैठकीला येणार नाही, माफीचंही आत्ताच काही सांगत नाही. आधी त्या बुजवलेल्या तलावावर जायचंय. गवताखाली उथळ बाजू कुठली आणि खोल कुठली, ते मला पक्कं आठवतं. त्या दिवशी उथळ बाजूलाच होतो, पुढे जाऊ दिलं नाही. या खेपेला खोल बाजूला उभा राहणार. हात तू धर. डोरिसला यायचं असेल तर तिनं कुंपणाशी थांबावं. मला वाटलं तर मी हाक मारीन.

आणि व्हर्नी, माझं अंथरूण घालून ठेव. अंधार पडला तरी मी परत फिरणार नाही.

तुझा,
दादा