ग्रुप सोडण्यामागची माझी भूमिका

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. वहीत लिहिलेलं वाचून कुणी गप्प तरी बसत नाही.
प्रोजेक्टला आम्ही चौघं. मी, रूममेट, लंबू आणि सगळ्यांना हुकूम सोडणारी हेडबाई. विषय : कॅन्टीनची रांग का तुंबते. ग्रुप मी काढला. काल सविस्तर योजना टाकली. तिघांनी वाचली, ब्लू टिक दिसतात. उत्तर नाही. साधा अंगठा नाही. रूममेट समोरच्या कॉटवर नखं कापत होता. त्याला विचारलं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

४ फेब्रुवारी
निश्चय : फोन दिवसातून दोनदाच बघायचा.
दुपार. दोन्ही वेळा दात घासतानाच संपल्या. पण उत्तर आलं नव्हतं, म्हणजे ते बघणं धरता येत नाही.
लेक्चरला जाताना लंबू शेजारून चालत काहीतरी सांगत होता. मी तो ऑनलाइन आहे का बघत होतो. नव्हता.

६ फेब्रुवारी
आज ग्रुपवर सुनावलं. मुद्देसूद. शेवटी 'धन्यवाद', म्हणजे नीट झोंबेल.
हेडबाईचं 'टायपिंग' दिसलं आणि बंद झालं. लिहून खोडलं! काय खोडलं? तासभर डोक्यात तेच. सरांनी उभं केलं, प्रश्न ऐकू आला नाही. हेडबाईमुळे.

९ फेब्रुवारी
ग्रुप सोडला. आता धावाधाव होईल. आवाज पूर्ण ठेवलाय.
वाजला. आई. तिला म्हटलं, लाइन अडवू नकोस, महत्त्वाचे फोन यायचेत. बरं म्हणाली आणि ठेवला. इतक्या पटकन ठेवायचं काही कारण नव्हतं.

१० फेब्रुवारी
रूममेटला पत्ताच नाही. म्हणे, तू फार लिहितोस, मी ग्रुप पहिल्याच दिवशी म्यूट केला. आणि मग शांतपणे शर्टाला इस्त्री. इतका शांत माणूस खोटारडाच असतो. यांनी माझ्याशिवाय दुसरा ग्रुप काढलाय. नक्की.

१२ फेब्रुवारी
पाळत ठेवली. तिघं कॅन्टीनच्या रांगेजवळ, हातात घड्याळ आणि कागद. फोन टेबलावर पालथे. हसत होते. माझ्यावरच.
लंबूने लांबून हात करून बोलावलं. मी खांबामागे तिघांचे 'लास्ट सीन' जुळवून बघत होतो. जाता आलं नाही.

१६ फेब्रुवारी
प्रेझेंटेशन झालं. पहिल्या स्लाइडवर माझं नाव होतं. चौथं.
मॅडमनी नेमकं मलाच विचारलं, रांग सगळ्यात लांब केव्हा असते? मी खाली बघितलं. लंबू मध्ये पडला, म्हणाला, याचा घसा बसलाय, मी सांगतो. सांगितलं. मॅडमना पटलं. कान तापले माझे. उपकार कुणी मागितले होते?
बाहेर आल्यावर तिघांना सरळ विचारलं, दुसरा ग्रुप कुठाय?
हेडबाई म्हणाली, "दुसरा कसला ग्रुप? आम्ही तुला रोज तोंडाने सांगत होतो, ये म्हणून. तू मान तरी वर केलीस का?"
यावर उत्तर होतं. तेव्हा सुचलं नाही. अजूनही नाही.
रूममेट म्हणाला, जाऊ दे, चहाला चल. म्हटलं, किती वाजता, कुठे, मेसेज टाका. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि गेले.

संध्याकाळ. मेसेज नाही. खोलीच्या खिडकीतून दिसतायत, समोरच्याच पायऱ्यांवर. कप चार आहेत. एकावर बशी झाकून ठेवलीय.
निवत असेल.
मी जाणार नाही. बोलवायची काही पद्धत असते की नाही?