पिक्चरात काळीज नाही

शुक्रवार, ९ जानेवारी
संकल्प : आज शेजारी रुखमावहिनींकडे जाऊन बसायचं. त्यांचा मुलगा बंटी सैन्यात, सीमेवर. कितीतरी दिवसांत त्याचा फोन नाही. यजमान देवराव कापूस घेऊन जिनिंग कारखान्याच्या रांगेत, वहिनी घरी एकट्या. बायको, शीला, म्हणाली, "तुम्ही शब्दांचे माणूस. दोन शब्द बोलून या."
निघणार, तोच नागपूरहून संपादकांचा फोन : नव्या युद्धपटाचं परीक्षण हवं. कर्तव्य आहे. वणीत वार्ताहर मी एकटाच. वहिनींकडे उद्या नक्की.

शनिवार, १० जानेवारी
परीक्षण पाठवलं. दृश्यं डोळे दिपवणारी. बर्फ असा, की मी मफलर आवळला. पण नायक धारातीर्थी पडला तेव्हा मी पॉपकॉर्नचा तळ चाचपत होतो. रसशास्त्रातला विभाव आहे, अनुभाव आहे, शोक मात्र इंटरव्हलला बाहेर गेला तो परतलाच नाही. शेवटी लिहिलं : 'दिग्दर्शकाने एखाद्या जवानाच्या आईजवळ घटकाभर तरी बसायला हवं होतं.' वाक्य उत्तम साधलं. त्यातच दिवस गेला.

रविवार, ११ जानेवारी
छापून आलं. तेच वाक्य मथळ्यात! आर्णीहून साळ्याचा अभिनंदनाचा फोन.
शीलाने मथळा मोठ्याने वाचला. चिडली की ती माहेरची बोली बोलते. "हा दिग्दर्शक राह्यते कुठी? आपल्या बाजूले त नाही?"
वहिनींच्या फाटकापर्यंत गेलो. विचारलं, "देवराव आहेत का?" नाहीत, हे मला ठाऊक होतं. "जिनिंगवर गेलेत जी," त्या म्हणाल्या. परतलो. तरी सुरुवात झाली म्हणायची.

सोमवार, १२ जानेवारी
गेलो नाही. तयारी केली. सांत्वनाचे पाठ असलेले सगळे श्लोक तपासले. पण सगळे निघाले माणूस गेल्यानंतरचे. जिवंत, पण फोन न करणाऱ्या पोरासाठी पूर्वजांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. दोष माझा नव्हे.

मंगळवार, १३ जानेवारी
गेलो. वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. चहा आणून ठेवला. मी खाकरलो. पुन्हा खाकरलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "पिक्चर कसा हाये जी भाऊजी?"
सुटलो! बर्फ सांगितला, हेलिकॉप्टर सांगितलं, रणगाडा कसा गरजतो ते तोंडाने करून दाखवलं. वहिनी हसल्या. म्हणून पुन्हा दाखवलं, तोफेसकट.
दम घ्यायला थांबलो, तर आत फोन वाजत होता. केव्हापासून, कोण जाणे. वहिनी सूप टाकून धावल्या. तोवर बंद. नंबर बंटीचा. त्यांनी उलट लावला. लागेना. परत लावला. लागेना.
मी उठून उभा राहिलो.
त्या बाहेर आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बसा जी भाऊजी. असं तोंड नोका करू. लावला त त्यानं! पोरगं धड हाये, तवाच लावला ना?"
मग माझा गार झालेला चहा आत नेऊन गरम करून आणला.
मी प्यायलो.