ऑर्व्हिलची नाडी

६ ऑक्टोबर
आज कामावर रुजू झाले. शाळा तळ्याकाठी आहे, वर्गात भरपूर उजेड येतो, आणि ऑफिसातल्या ब्रँटबाईंनी कॉफीबरोबर घरचा मनुकांचा केक दिला. या वयात पुन्हा फळ्यासमोर उभं राहायला मिळालं, मन प्रसन्न आहे. शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र, तिन्ही मीच शिकवणार. अँब्युलन्सवर जाणाऱ्यांचा पाया पक्का हवा. छाती दाबण्याच्या सरावाला एक रबरी पुतळा आहे. मुलं त्याला ऑर्व्हिल म्हणतात आणि हॉकीची टोपी घालतात. टोपी मी काढायला लावली.

८ ऑक्टोबर
वर्ग ढिला आहे. हृदय कुठे असतं विचारलं तर निम्म्यांनी शर्टाचा खिसा दाखवला. मधल्या हाडामागे, जरा डावीकडे, हे पुन्हा पहिल्यापासून. लेसिया कोस्टियुक तेवढी तयार मुलगी. पण तीसुद्धा म्हणाली की ऑर्व्हिलच्या मानेला नाडी लागते. अंगठा लावला असशील, म्हणून झापलं. अंगठ्यात आपलीच नाडी उडते, दोन बोटं लावायची. मागून डार्सी फ्लेट म्हणाला, "लाजला असेल मॅडम, पोरीचा हात लागला ना." त्याला वर्गाबाहेर उभा केला.

१४ ऑक्टोबर
भीतीचा धडा घेतला. घाबरल्यावर डोकं विचार सोडतं आणि हात सवयीचं तेच करतात, म्हणून सवय चांगली लावायची. मग डार्सीने मान खाली घालून सांगितलं.
माझ्याआधीच्या प्रूडन सरांना परीक्षा म्हणून धाडकन जमिनीवर पडायची खोड होती. आधी बजावायचे की ही परीक्षा नाही, आणि तरी ती असायचीच. दुसरा नियम असा की ऑर्व्हिलची छाती दाबायला घेतली की सर 'थांबा' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. गेल्या मार्चमध्ये ते खरंच पडले. मुलं ऑर्व्हिललाच दाबत राहिली. सर शेजारीच पडल्या जागी वारले.
ब्रँटबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं, थोराबाई. पोरांचं वर्ष वाया गेलं असतं." माणूस वाया गेला, त्याचं काय? संतापाने रात्रीचं जेवण गेलं नाही.

२१ ऑक्टोबर
मी स्वतः दोन बोटं लावली. ऑर्व्हिलच्या मानेला नाडी आहे. छाती उघडून पाहिली. एक स्प्रिंग आणि स्पंज, दुसरं काही नाही.
लेसियाला जिन्यावरून धावत वर-खाली करायला लावलं. ऑर्व्हिलची नाडी धावू लागली. लेसिया परत आली तेव्हा तिच्या मनगटाला जेमतेम धाग्याएवढी नाडी लागली. सरावात सगळ्यांत जास्त तीच दाबते. मीच तिला पुढे बसवते. जो दाबतो त्याची नाडी हा घेतो.

२४ ऑक्टोबर
लेसिया बाकावर कलंडली. ओठ निळे. इस्पितळाने थकवा म्हणून सोडून दिलं, ही थेट वर्गात परतली. गाढव आहेत. मी ऑर्व्हिलला फरफटत दाराबाहेर नेऊ लागले, तर ही श्वासच घेईना. परत आत आणला. ब्रँटबाई म्हणतात, मीच रजा घ्यावी.

२७ ऑक्टोबर
आता कळलं. प्रूडन 'थांबा' म्हणालेच नाहीत. म्हणून हा अजून चालू आहे. ते शिक्षकानेच म्हणायला हवं. पण आत्ता म्हटलं तर लेसियाची नाडीच थांबेल.
म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मी एकटी दाबते आहे. मनगटं सुजलीत —

२८ ऑक्टोबर
नाडी माझी झाली. मला ब्रँटबाईंचा राग येतो आणि ऑर्व्हिलची मान उसळते. लेसियाचे गाल लाल. चिप्स खात होती वर्गात. ओरडले नाही.

२९ ऑक्टोबर, सकाळ
वर्गाला सांगितलं, फळ्यावरही लिहिलं. मी 'थांबा' म्हणेन. मग पडेन. हात माझ्यावर ठेवायचे, त्याच्यावर नाही. नीट दाबलंत तर मी परत येईन. तुम्हाला येतं, मीच शिकवलंय. ही परीक्षा नाही.
हे शेवटचं वाक्य म्हणायला नको होतं. डार्सीने लेसियाकडे पाहिलं —

म्हटलं. 'थांबा.'
ऑर्व्हिलची मान — काही नाही. गप्प. सुटला.
माझं मनगट — दोन बोटं — काही नाही.
भिंतीला टेकून बसले आहे. वही गुडघ्यावर. पाय माझे नाहीत. उजेड कमी —
मुलं घाबरली आहेत. उभी आहेत नुसती. या ना इकडे, मूर्खांनो —
डार्सी म्हणतोय, "कुणी थांबू नका रे, मॅडम बघताहेत."
लेसिया गुडघ्यांवर बसली. हात एकावर एक, कोपरं ताठ, अगदी मी शिकवलं तसे. गरम असतील आता ते हात. पण ती तिकडे तोंड करून — ऑर्व्हिलच्या छातीवर —
लेसिया, माझ्या